उकंडराव जमादारांची पाटी

२० जून १९६६, सोमवार. शाळा उघडायला बरोबर आठवडा होता आणि मी शाळेचे दोन्ही रांजण व्हरांड्यात आडवे पाडून आतून काथ्याने घासत होते. शिपाई दोन दिवसांचं सांगून गेलेला, आठ दिवस झाले तरी परतला नव्हता. उन्हाळाभर रांजण कोरडे पडले की आत विंचू राहतात; हे काम मी दुसऱ्यावर सोपवत नाही. हात खांद्यापर्यंत रांजणात असताना पोस्टमन आला. हात ओले होते म्हणून कार्ड त्यालाच वाचायला सांगितलं. तीन ओळी होत्या. "वडील उकंडराव बारा तारखेला वारले. आईने आपणांस कळवावयास सांगितले. आपल्या शाळेची एक वस्तू घरी आहे, ती घेऊन जावी."

पोस्टमनने विचारलं, "बाई, हे कोन व्हय?"

"आमच्या शाळेवर होते. पोलीस."

"शाळेवर पोलीस?" तो हसला. "मंग पोट्टे तर लय शिकले असन."

मी रांजण घासून पूर्ण केला, उन्हात पालथा घातला आणि मग कार्ड हातात घेतलं. शाळेची कोणती वस्तू, ते मला लगेच कळलं. तिची नोंद मी आठ वर्षांपूर्वी 'गहाळ' अशी केली होती.

उकंडराव माझ्या आधीच्या शाळेवर आले ते १९५७ च्या पावसाळ्यात. शाळा मुकुटबनच्या अलीकडच्या एका गावी होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं अजून नांदती आहेत. आदल्या दसऱ्याला तिथली काही घरं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. आल्यावर त्यांनी घरातले देव उचलले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि त्यांच्या पोरांनी शाळेच्या रांजणात स्वतःच्या हाताने गिलास घातला. तोवर त्यांना दुसऱ्या कुणी तरी वरून पाणी वाढायचं, आणि कुणी वाढलं नाही तर पोरं तशीच घरी जायची. गिलासाची ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. चार दिवसांनी सकाळी रांजण फुटलेला सापडला. नवा आणला, तोही फुटला. मग तालुक्याहून हुकूम आला आणि शाळेच्या व्हरांड्यात, रांजणाच्या शेजारी, एका खुर्चीवर एक पोलीस येऊन बसला. शिपाईच, पण आमच्याकडे पोलिसाला मानाने जमादारच म्हणतात.

पन्नाशीला टेकलेले, ठेंगणे, मिशा पांढऱ्या, पायाला चामड्याचे जड बूट. गावाला चालणाऱ्या जातीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी रांजणावरचं झाकण काढलं, बौद्ध वस्तीतल्या एका पोराला गिलास भरायला लावला, त्याच्या हातून घेतला आणि सगळ्या शाळेदेखत गटागटा प्यायले. मिशा पुसत म्हणाले, "पानी गोड हाये. प्या रे पोट्टेहो." त्या दिवसापासून हाच नेम. शाळा भरली की पहिला गिलास जमादारांचा, रोज वेगळ्या पोराच्या हातून. महिनाभर गावातली पोरं घरून पाणी आणत होती. मग बाटल्यांचं ओझं होऊ लागलं, ऊन चढलं आणि एकेक पोरगा रांजणाकडे वळला. वस्तीतल्या आयाबायांनी जमादारांना बसायला गोधडी शिवून दिली. मी उपदेश करून जे साधलं नसतं ते त्या माणसाने पाणी पिऊन साधलं. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

पण रांजण काही दिवसभर राखावा लागत नाही. उकंडरावांना वेळ जाईना. ते स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. चौथीची पोरं पाढे म्हणत तेव्हा खुर्चीतून तेही ओठ हलवीत. दिडकीवर ते नेहमी अडत. दीड, तीन, साडेचार, सहा... पुढे गाडी जात नसे. चौथीत जमनी नावाची एक मुलगी होती, अकरा-बारा वर्षांची. ती व्हरांड्याजवळच्या पट्टीवर बसे आणि पाटीवर लिहीत असतानाच मान न वळवता सांगे, "साडेसात, जमादार."

"तुले कोनं इचारलं?"

"तुमी अडले म्हून सांगतलं."

"जमादाराले शिकवते का वं? आत टाकीन."

"टाका. पन साडेसातच राह्यते."

सगळी शाळा हसे आणि जमादार सर्वांत जास्त हसत. जमनी गावाबाहेरच्या तांड्यावरची. हे लोक पूर्वी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरत. या तांड्याने निजामाच्या हद्दीतून इकडे येऊन दहाएक वर्षं झाली होती. माळ फोडून त्यांनी कापसाची पऱ्हाटी पेरली होती, झोपड्यांच्या भिंती लिंपल्या होत्या. तांड्यावरची सात पोरं शाळेत होती. जमनी त्यांतली थोरली. त्या तांड्यातून चौथीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. एप्रिलमध्ये तिची परीक्षा होती. ती पास होणार याबद्दल मला शंका नव्हती, आणि पास झाली की तिला पांढरकवड्याला वसतिगृहात घालायचं हेही मी मनात पक्कं केलं होतं. तिच्या बापाशी अर्धंमुर्धं बोलूनही ठेवलं होतं.

जानेवारीत कापसाची वेचणी जोरात आली आणि तांड्यावरची पोरं यायची थांबली. दरवर्षी थांबत, फेब्रुवारीच्या शेवटी परत येत. पण त्या वर्षी तपासनीस येणार होते. हजेरी कमी भरली तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, असं स्पष्ट पत्र होतं. दुसरे मास्तर महिन्यातले पंधरा दिवस हिवतापाने पडलेले असत, तरी जागा ती जागा. मी दोनदा तांड्यावर निरोप धाडला. "येतीन, बाई," असं उत्तर आलं, पोरं आली नाहीत. आणि व्हरांड्यात एक धडधाकट माणूस रिकामा बसलेला मला रोज दिसत होता.

मी हजेरीबुक उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "जमादार, तांड्यावर जाऊन या. सात नावं आहेत. नाईकासमोर उभं राहून मोठ्याने वाचा आणि उद्यापासून पाठवायला सांगा."

ते बुक हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "बाई, मी ड्रेसवर जाऊ?"

"मग काय धोतरावर जाता? ड्रेस पाहून तर येतील."

ते काही तरी बोलणार होते. तोंड उघडलं, मिटलं. टोपी घातली आणि गेले. त्यांना काय सांगायचं होतं ते मी विचारलं नाही. मला दुसरीची बेरीज-वजाबाकी घ्यायची होती.

दुसऱ्या दिवशी सातही पोरं हजर! घंटेच्या आधी. आंघोळी केलेली, डोक्याला तेल, ओळीने उभी. मी खूश झाले. तपासनीस येऊन गेले, हजेरी पाहून शेरा चांगला दिला. जागा राहिली. सलग अकरा दिवस सातही जण आले. मास्तर तापातून उठून आले तेव्हा म्हणाले, "बाई, ही युक्ती आधी का नाही सुचली?" मलाही तसंच वाटत होतं.

त्या अकरा दिवसांत मी जे पाहिलं आणि पाहूनही मनावर घेतलं नाही, ते आता एकामागून एक लख्ख आठवतं. पोरं बोलत नव्हती. प्रश्न विचारला की उठून उभी राहत, उत्तर देत आणि मी 'बस' म्हणेपर्यंत तशीच उभी. आत न बसता दाराजवळच्या पट्टीवर सातही जण चिकटून बसत. जमादार दिडकी म्हणायला लागले, सहावर अडले, थांबले... जमनी खाली पाहत राहिली. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबले. शेवटी मीच आतून "साडेसात" म्हणाले. कुणी हसलं नाही.

आणि तो खेळ. मधल्या सुट्टीत तांड्यावरची पोरं लिंबाखाली उकिडवी एका रांगेत बसत, मुंड्या खाली घालून, हात गुडघ्यांवर. एक जण काठी घेऊन रांगेच्या मागून चाले आणि प्रत्येकाच्या पाठीला काठी लावत मोजे. एक, दोन, तीन... सहा झाले की पुन्हा पहिल्यापासून. कुणी जिंकत नव्हतं, कुणी हरत नव्हतं, कुणी पळतही नव्हतं. मोजणारा बदले, बाकीचे तसेच बसून राहत. मी मास्तरांना म्हणाले, पाहा, आपण होऊन अंकगणित करताहेत. एकदा तर पहिलीच्या मुलांना घेऊन मी तो खेळ पाहायला उभी राहिले. उकंडरावांनी मात्र तिसऱ्या दिवसापासून खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून घेतली होती. ऊन डोळ्यांवर येत असेल, असं मी धरून चालले.

आठव्या-नवव्या दिवशी तांड्याचा नाईक आला. थावरा नाईक. उंच म्हातारा, कानात बाळी, डोक्याला लाल पागोटं. जमादार बसलेल्या बाजूने न येता मागच्या कुंपणातून आला. मी खुर्ची दिली, तो खाली बसला.

"बाई, लेकरायचे नाव कोनत्या बुकात हाये?"

"शाळेच्या. हे काय."

"वाचते कोन?"

"मी वाचते. त्या दिवशी तेवढं जमादारांनी वाचलं."

त्याने बुकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमी लेकरं धाडतो. रोज धाडतो. पऱ्हाटी बाया येचतीन. नाव तेवढं खोडून टाका."

मला हसू आलं. मी त्याला समजावलं की नाव खोडलं तर पोर शाळेत असूनही नसल्यासारखं. जमनीला परीक्षेला बसवायची तर नाव हवंच. आणि हे सरकारी कागद आहेत, त्यांत अशी खाडाखोड करता येत नाही. शिक्षणाबद्दलही पाच मिनिटं बोलले. तो ऐकून घेत होता.

"जमनीचं नाव राहू द्या मंग," तो म्हणाला. "बाकी सहाचे खोडा."

"नाईक, एकाचंही खोडता येणार नाही."

"बरं," असं म्हणून तो उठला. मागच्याच कुंपणाने गेला. व्हरांड्यात येऊन पाहते तो उकंडराव उभे. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाई," ते म्हणाले, "खोडाले काय जाते? पेन्शिलीनं खोडा. तपासनीस तर येऊन गेला."

"तुम्ही रांजण पाहा, जमादार," मी म्हणाले. हे माझे शब्द. बदलून लिहिण्यात अर्थ नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकातून आत शिरले तेव्हा उकंडराव खुर्चीजवळ उभे होते आणि टोपी हातात होती. व्हरांड्याच्या पायरीवर सात पाट्या ओळीने मांडलेल्या. गरीब पोरांना शाळा पाट्या वापरायला देत असे, त्या. सातही स्वच्छ पुसलेल्या, चौकटींवरची धूळसुद्धा झटकलेली. प्रत्येकीवर लेखणीचा उरलेला तुकडा.

"गेले, बाई," ते म्हणाले.

आम्ही दोघं माळावर गेलो. झोपड्यांवरचं गवत होतं, आत काही नव्हतं. चुलींवर पाणी ओतलेलं. देवीचा दगड जिथे होता तिथे खड्डा, ताजा. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या माळ ओलांडून नदीकडे गेलेल्या. शेतात पऱ्हाटी उभी होती आणि शेवटच्या वेच्याचा कापूस बोंडांतून बाहेर लोंबत होता. दहा वर्षं खपून केलेलं शेत, त्यातला हातातोंडाशी आलेला माल टाकून ते गेले होते, आणि जाण्याआधी कुणाला तरी वाकडी वाट करून शाळेपर्यंत पाठवलं होतं, सरकारच्या पाट्या सरकारला परत करायला.

तिथे उभं राहून उकंडरावांनी मला तो खेळ काय होता ते सांगितलं. "मी नवीन भरती झालतो ना बाई, तवा हेच काम होतं. इंग्रजाचा कायदा होता. काही काही जाती जल्मानंच चोर म्हून लिवलेल्या. पोलिसानं वस्तीवर जाचं, बुकातून नाव वाचाचं, रांगेत बसवाचं, मुंडी खाली. काठीनं मोजाचं. सकाळी मोजाचं, सांजच्याले मोजाचं. एखादा कमी भरला का बाकीच्यायले मार. म्या सोता मोजले. हे लोकं निजामाकडून आले, तिकडंबी तेच होतं. पोट्ट्यायनं पाह्यलं नाही, पन म्हाताऱ्यायनं सांगतलं असन... ते खेळून नव्हते राह्यले बाई. शिकून राह्यले होते. कसं बसाचं ते."

"कायदा उठून पाच वर्षं झाली," मी म्हणाले.

"त्यायले कोनं सांगतलं?"

"मग तुम्ही मला त्याच दिवशी का सांगितलं नाही?"

"इचारलं ना मी, ड्रेसवर जाऊ का म्हून."

आम्ही शाळेत परतलो. पाट्या उचलून कपाटात ठेवताना मोजल्या तर सहा होत्या. मी उकंडरावांकडे पाहिलं, त्यांनी रस्त्याकडे. मी साठा नोंदवहीत लिहिलं, पाटी एक, गहाळ.

पावसाळ्यात त्यांची बदली झाली, पुढच्या वर्षी माझीही. अधूनमधून त्यांचं कार्ड येई, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. बहुतेक कार्डांत एकच मजकूर. अमुक बाजाराला गेलतो, तमुक तांड्यावर गेलतो, पोरगी नाही. पुढे पुढे अक्षर त्यांचंच येऊ लागलं, मोठं, वाकडं. १९६४ नंतर कार्डं थांबली. मीही चौकशी केली नाही.

२६ तारखेला, रविवारी, मी पांढरकवड्याला त्यांच्या घरी गेले. निघण्यापूर्वी टेबलाच्या खणातला एक अर्ज नजरेस पडला होता. मी आता जिथे शिकवते त्या गावच्या पंचांनी तो लिहिला होता. मागच्या वर्षी शाळेच्या मैदानावरून दोन वस्त्यांत मारामारी झाली, म्हणून शाळा उघडल्यापासून पहिला महिना फाटकाशी एक पोलीस असावा. अर्जावर फक्त माझी सही राहिली होती. यंदा नव्याने दाखल करायची तांड्यावरची नऊ नावं शिपायाने सुट्टीवर जाण्यापूर्वी एका चिठ्ठीवर उतरवून आणली होती, ती चिठ्ठीही त्याच खणात. चिठ्ठी घडी करून मी पिशवीत टाकली, अर्ज तिथेच ठेवला.

उकंडरावांच्या बायकोने, वेणूबाईंनी, चहा केला. रडून झालेलं होतं, त्यामुळे आम्ही नीट बोललो. छातीत दुखलं आणि दोन तासांत गेले. खुंटीवर धोतर होतं, पिशवी होती. वेणूबाई म्हणाल्या, "कोनत्याबी तांड्यावर जाचं असलं का गावाबाहीर झाडाखाली ड्रेस काढाचे, पिशवीत टाकाचे, धोतर नेसाचे. मी म्हनो, असा कोनता पोलीस राह्यते वं माय? इचारलं का म्हनत, तुले नाही समजाचं."

"जमनी सापडली का कधी?" मी विचारलं. याच प्रश्नासाठी मी आले होते.

"सापडली ना." त्यांनी कप खाली ठेवला. "दोन वर्सं झाले. मुकुटबनच्या बाजारात. कडेवर लेकरू होतं. हे धोतरावरच होते. हे म्हने जवळ गेले अन् काही बोलले नाही, नुसतं म्हनाले, दीड, तीन, साडेचार, सहा... अन् थांबले. तिनं वळखलं. धोतरातबी वळखलं. लेकराले छातीशी धरलं अन् तिथंच भर बाजारात उकिडवी बसली. मुंडी खाली घालून. हे उभे, ते बसलेली. हे म्हनत, बाई, ऊठ, मी मोजाले नाही आलो... ते काही उठली नाही. हे मांगं सरकले, मांगं सरकले, तवा कुठं उठून गेली." कप उचलून त्या म्हणाल्या, "मंग नाही गेले कुठं."

पाटी त्यांनी पदराखालून काढून दिली. चौकटीवर खिळ्याने कोरलेलं 'जमनी, इयत्ता ४ थी.' पाटीवर उकंडरावांचं मोठं, वाकडं अक्षर. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ, साडेदहा, बारा, साडेतेरा, पंधरा. संपूर्ण. "रोज सकाळी लिवत अन् पुसत," वेणूबाई म्हणाल्या. "त्या दिशीचं पुसाचं राह्यलं. मी बी नाही पुसलं."

पाटी मांडीवर ठेवून मी संध्याकाळच्या मोटारीने परत आले. नोंदवही काढून आठ वर्षांपूर्वीची नोंद दुरुस्त करावी असं वाटलं, पण ती वही दुसऱ्या शाळेत आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायची होती, मी पहाटेच उठले. रांजण भरून घेतले आणि पहिला गिलास स्वतः प्यायले. पंचांच्या अर्जावर 'पोलिसाची गरज नाही, मुख्याध्यापिका स्वतः फाटकाशी उभी राहील' असं लिहून खाली सही केली. पाटी ओल्या कोळशाने घासून धुतली, दोन्ही बाजू, आणि पदराने कोरडी केली. मग चिठ्ठीवरची नऊ नावं म्हणून पाहिली, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा न पाहता आली. हजेरीबुक आणि चिठ्ठी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि रिकाम्या हाताने तांड्याच्या वाटेला लागले.